०.१ + ०.२ : दशांश आणि द्विमान यांच्या सीमेवरचे गणित

पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहून उत्तर मागितले, तर ०.३०००००००००००००००४ मिळते. जावा आणि जावास्क्रिप्टही हेच उत्तर देतात. नवशिक्या प्रोग्रामरला हा भाषेतला बग वाटतो. मुरलेला प्रोग्रामर ‘फ्लोटिंग पॉइंट असाच असतो’ म्हणून पुढे जातो आणि उत्तर राउंड करून वेळ मारून नेतो. मला यातली दुसरी प्रतिक्रिया अधिक घातक वाटते, कारण तिच्यात एक चुकीची समजूत दडलेली आहे: यंत्राचे दशांश गणित अंदाजपंचे चालते, त्यात शेवटच्या काही अंकांचा भरवसा धरायचा नाही. वास्तविक त्या शेवटच्या ४ मध्ये कसलीही अनिश्चितता नाही. तो कुठून आला हे कागद-पेन्सिल घेऊन शेवटच्या एककापर्यंत दाखवता येते.

अनपेक्षित उत्तर तीनच ठिकाणी जन्म घेते. आपण लिहिलेली दशांश संख्या यंत्र द्विमान रूपात वाचते, ते पहिले ठिकाण. दोन द्विमान संख्यांवर क्रिया होऊन उत्तर ठरलेल्या जागेत बसवले जाते, ते दुसरे. आणि ते उत्तर पुन्हा दशांश रूपात पडद्यावर छापले जाते, ते तिसरे. कोणत्या ठिकाणी काय घडले हे वेगळे काढता आले, तरच योग्य उपाय सापडतो.

वाचताना काय होते

शाळेत शिकवलेला नियम असा: अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील, तर त्याचा दशांश विस्तार खंडित असतो, अन्यथा तो आवर्ती असतो. म्हणून १/८ म्हणजे ०.१२५, पण १/३ म्हणजे ०.३३३… असे न संपणारे शेपूट. दोन आणि पाच यांना हा मान मिळतो, कारण ते दहाचे मूळ अवयव आहेत. द्विमान पद्धतीचा पाया दोन, त्यामुळे तिथे फक्त दोनच्या घाताचे छेद संपतात. दहा म्हणजे दोन गुणिले पाच, आणि त्या पाचामुळे एक दशांशाचा द्विमान विस्तार ०.०००११००११००११… असा अखंड चालू राहतो. आपल्याला १/३ जसा दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसाच यंत्राला १/१० द्विमानात पुरता लिहिता येत नाही.

याचा पैशांच्या हिशेबावर होणारा परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो. एक पैशापासून नव्व्याण्णव पैशांपर्यंतच्या रकमा रुपयाच्या दशांशात लिहिल्या, तर त्या नव्व्याण्णवांपैकी फक्त तीन द्विमानात तंतोतंत बसतात: ०.२५, ०.५० आणि ०.७५. बाकीच्या शहाण्णव आत शिरतानाच किंचित बदलतात.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती आली. त्यापूर्वीचा रुपया १६ आण्यांचा, आणा चार पैशांचा. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. अधेली, पावली, चवली, आणा, पैसा हे सगळे रुपयाचे २, ४, ८, १६ आणि ६४ वे भाग, आणि जुन्या शाळांतले पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढेही याच अपूर्णांकांचे. आजच्या संगणकाला त्या काळच्या किराणा दुकानाची वही दिली असती, तर रुपयाचा एकही अंश न गमावता त्याने ती सांभाळली असती. अपवाद फक्त पैचा, कारण रुपयाच्या १९२ पै होतात आणि १९२ मध्ये ३ हा अवयव येतो. माणसांच्या दैनंदिन व्यवहारासाठी दशमान पद्धत सोपी ठरली यात शंका नाही. यंत्राची सोय मात्र आण्यांतच अधिक होती.

साठवण आणि बेरीज

न संपणारा विस्तार कुठेतरी तोडावा लागतो. कुठे तोडायचा, हे बहुतेक भाषांतल्या ‘डबल’ या प्रकारासाठी आयईईई ७५४ या मानकाने ठरवून दिले आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या मानकामागचे प्रमुख गणितज्ञ विल्यम कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची राउंडिंगची रीत वेगळी असे, आणि एकच प्रोग्राम दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई. आज ज्या उत्तराला आपण विचित्र म्हणतो, ते निदान सगळीकडे सारखेच विचित्र आहे. हा एकसारखेपणा मिळवण्यासाठी बरीच वर्षे खर्ची पडली, आणि माझ्या मते संगणकशास्त्रातल्या सर्वांत उपयुक्त करारांत त्याची गणना व्हावी.

डबलमध्ये ६४ बिट असतात: एक चिन्हासाठी, ११ घातांकासाठी, ५२ अपूर्णांकासाठी. अग्रस्थानचा १ गृहीत धरलेला असल्यामुळे प्रत्यक्षात ५३ सार्थ बिट मिळतात. सोप्या शब्दांत सांगायचे, तर प्रत्येक डबल म्हणजे ५३ बिटांत मावणारा एक पूर्णांक गुणिले दोनचा एखादा घात. आता ०.१ घेऊ. २ चा ५६ वा घात ७२०५७५९४०३७९२७९३६ आहे. त्याचा दहावा भाग ७२०५७५९४०३७९२७९३.६ येतो. पूर्णांकच ठेवायचा असल्यामुळे यंत्र जवळचा ७२०५७५९४०३७९२७९४ घेते. इथे ०.४ एकक जास्त गेले. साठवलेली संख्या दशांशात पूर्ण लिहिली, तर ती अशी दिसते: ०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५. प्रोग्राममध्ये ०.१ लिहिले, की यंत्राच्या हाती ही संख्या असते. आपल्या मनातला एक दशांश तिथे कधी पोहोचतच नाही.

०.२ साठी तोच पूर्णांक येतो, फक्त घात ५५ होतो. ०.३ साठी घात ५४: तिथे हवा असलेला आकडा ५४०४३१९५५२८४४५९५.२, आणि साठवला जातो ५४०४३१९५५२८४४५९५.

आता बेरीज. ०.१ आणि ०.२ यांची साठवलेली रूपे एकाच घातावर आणून मिळवली, तर घात ५६ वर पूर्णांक येतो २१६१७२७८२११३७८३८२. हा ५३ बिटांत मावत नाही, म्हणून चारने भागून घात ५४ वर आणावा लागतो. भागाकार येतो ५४०४३१९५५२८४४५९५.५, म्हणजे दोन शेजारी पूर्णांकांच्या बरोबर मध्यावर! कोणीच अधिक जवळ नाही. अशा बरोबरीच्या वेळी मानकाचा नियम सांगतो की सम पूर्णांक घ्यावा. …५९५ विषम आहे, …५९६ सम. यंत्र ५९६ घेते, आणि ०.३ मात्र ५९५ वर बसलेला असतो. दोघांत फक्त एका एककाचे अंतर आहे, म्हणजे २ चा उणे ५४ वा घात, आणि ‘समान आहेत का?’ या प्रश्नाला यंत्र ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देते.

या हिशेबात यंत्राने बेरीज चुकवलेली नाही. हाती आलेल्या दोन संख्यांच्या खऱ्या बेरजेला नियमाप्रमाणे सर्वांत योग्य ठरणारी डबल संख्या त्याने दिली. मूळ विचलन वाचतानाच झाले होते: ०.१ ने थोडे जास्त आणले, ०.२ ने त्याच्या दुप्पट जास्त आणले, ०.३ मात्र थोडा कमी पडला. दोन्ही दिशांच्या त्रुटी एकमेकींपासून दूर गेल्या. योगायोगाने बेरजेतल्या संख्यांच्या त्रुटी विरुद्ध दिशांना जाऊन एकमेकींना खोडून गेल्या, की आपल्याला काहीच जाणवत नाही; ०.२ + ०.३ चे उत्तर ०.५ च येते.

प्रत्येक क्रियेनंतर राउंडिंग होत असल्यामुळे बेरजेचा साहचर्य गुणधर्मही टिकत नाही. (०.१ + ०.२) + ०.३ चे उत्तर ०.६००००००००००००००१, तर ०.१ + (०.२ + ०.३) चे ०.६. एकच लांबलचक यादी अनेक कोअरवर वाटून बेरीज केली आणि तुकड्यांचा क्रम दरवेळी बदलला, तर दरवेळी किंचित वेगळे उत्तर येणे स्वाभाविक आहे. तसेच ०.१ दहा वेळा मिळवत गेल्यास ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, पण ०.१ ला १० ने गुणल्यास नेमके १ येते, कारण तिथे राउंडिंग एकदाच होते. ‘बेरीज १ होईपर्यंत फिरत राहा’ अशी अट घातलेला लूप १ च्या शेजारून निघून जातो आणि थांबत नाही.

छापताना होणारा भास

०.१ आत इतकी वाकडी असेल, तर पडद्यावर ती सरळ ०.१ कशी दिसते? छापणारा प्रोग्राम असा विचार करतो: पुन्हा वाचल्यावर हीच डबल संख्या मिळेल, असा सर्वांत आखूड दशांश कोणता? साठवलेल्या त्या ५५ अंकी संख्येसाठी उत्तर येते ०.१. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी १९९० साली या प्रश्नावरची पद्धत निबंधरूपाने मांडली. पायथनने हे धोरण ३.१ आवृत्तीत स्वीकारले. त्यापूर्वी पायथनला ०.१ विचारले, की ०.१०००००००००००००००१ असे उत्तर येई. अनेकांना नवे रूप आवडले. मला जुने रूप अधिक शिकवणारे वाटते, कारण संख्या वाचतानाच बदलली हे ते पहिल्याच ओळीत सांगत असे.

वेगवेगळ्या भाषांची उत्तरे वेगळी दिसतात, त्यामागे बहुधा छपाईच असते. सी भाषेतले नेहमीचे छपाईचे रूप सहा दशांश स्थळे दाखवते, म्हणून तिथे ०.३००००० दिसते. पर्ल पंधरा सार्थ अंकांवर थांबते आणि ०.३ छापते, पण दोन्ही बाजू समान आहेत का विचारले, तर नकारच देते. सी-शार्पही पूर्वी ०.३ दाखवत असे. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पासून तिथेही शेपूट दिसू लागले. आतले गणित तेव्हाही तेच होते. खरोखर वेगळे गणित करणाऱ्या भाषा थोड्या. राकूमध्ये ०.१ लिहिले, की ते १/१० असे परिमेय रूपात राहते, त्यामुळे बेरीज अचूक येते. गो भाषेत दोन्ही संख्या स्थिरांक असतील, तर कंपायलर अचूक बेरीज करतो. त्याच संख्या चलांत ठेवल्या, की शेपूट परत येते.

हानी कुठे होते

सतराव्या स्थळावरचा फरक कोणाचे नुकसान करत नाही, हा युक्तिवाद बहुतेक वेळा खराही असतो. नुकसान होते ते या सूक्ष्म फरकाची गाठ एखाद्या उंबरठ्याशी पडते तेव्हा. १.१५ ही रक्कम पैशांत बदलण्यासाठी १०० ने गुणली, तर ११४.९९९९९९९९९९९९९९ येते. पुढच्या ओळीत अपूर्णांक छाटून पूर्णांक घेतला, तर हाती उरतात ११४ पैसे. त्रुटी होती पैशाच्या अत्यल्प अंशाची. छाटणीने ती अख्ख्या पैशाची केली. पायथनमध्ये २.६७५ दोन स्थळांपर्यंत राउंड केले तर २.६८ ऐवजी २.६७ मिळते, कारण आत साठलेली संख्या २.६७४९९९९९९९९९९९९९८२ च्या आसपास, म्हणजे मध्याच्या अलीकडे असते.

याहून बारीक प्रकार असा, की संख्या अगदी अचूक साठलेली असूनही उत्तर बेकायदेशीर ठरते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची असते, आणि पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वरचा रुपया धरायचा असतो. २.५० रुपयांचे ३ रुपये व्हायला हवेत. पायथन ३ मधले ‘राउंड’ हे फंक्शन बरोबरीच्या वेळी सम अंकाकडे जाते आणि २ देते. २.५ द्विमानात तंतोतंत बसते, तेव्हा इथे फ्लोटिंग पॉइंटला दोष देता येणार नाही. सम अंकाकडे जाण्याचा नियम मोठ्या बेरजांत एकाच दिशेने झुकाव साचू देत नाही, म्हणून शास्त्रीय गणितात तो उत्तम आहे. पण कायद्याने दुसरा नियम सांगितला असेल, तर प्रोग्रामने कायद्याचा नियम पाळला पाहिजे.

एकाच दिशेचा झुकाव काय करतो हे व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने पाहिले. जानेवारी १९८२ मध्ये तिथला नवा निर्देशांक १००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा काढला जाई आणि तीन दशांश स्थळांनंतरचे अंक राउंड न करता छाटले जात. दिवसाला असे हजारो वेळा घडे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ वर घसरला होता. नीट गणित केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

आणि २५ फेब्रुवारी १९९१ ची धाहरानची घटना. सौदी अरेबियातल्या या ठिकाणी अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणाऱ्या इराकी स्कड क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांची पूर्णांकात मोजणी करत होते, आणि ती मोजणी अचूक होती. सेकंद काढण्यासाठी मात्र तिला २४ बिटांत छाटून साठवलेल्या १/१० ने गुणले जाई. दर दशांश सेकंदामागे त्रुटी अगदी नगण्य: सुमारे ९५ अब्जांश सेकंद. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. म्हणजे छत्तीस लाख दशांश सेकंद, आणि साचलेली त्रुटी सुमारे ०.३४ सेकंद. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे स्कड तेवढ्या अवधीत अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त पुढे सरकते, आणि रडार त्याला भलत्याच जागी शोधत राहिले. सुधारणा अर्धवट झाली होती हे त्याहून वेदनादायक आहे. प्रोग्रामच्या काही भागांत वेळेचे अधिक अचूक रूपांतर बसवले होते, काही भागांत जुनेच राहिले होते. दोन्ही ठिकाणी एकच त्रुटी असती, तर दोन वेळांच्या वजाबाकीत ती बहुतांशी निघून गेली असती. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचले.

उपायांची पारख

सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘समान’ ऐवजी ‘जवळपास समान’ तपासणे: दोन संख्यांतला फरक एखाद्या सूक्ष्म मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्या सारख्या मानायच्या. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी ‘एप्सिलॉन’ नावाचा तयार स्थिरांक, २ चा उणे ५२ वा घात, अनेकजण डोळे मिटून वापरतात. पण शेजारच्या डबल संख्यांमधले अंतर सगळीकडे सारखे नसते. १ ते २ दरम्यान ते बरोबर या स्थिरांकाएवढे असते आणि पुढे दोनच्या प्रत्येक घाताला दुप्पट होते. म्हणजे १ पेक्षा मोठ्या संख्यांसाठी ‘फरक एप्सिलॉनपेक्षा कमी’ ही अट आणि साधी ‘समान’ ही अट यांत काहीच फरक उरत नाही. शिवाय जवळपास समानता संक्रमक नसते. अ हा ब च्या जवळ आणि ब हा क च्या जवळ, तरी अ हा क च्या जवळ असेलच असे नाही. त्यामुळे अशा तुलनेवर रचलेली वर्गवारी केव्हाही कोसळू शकते. मर्यादा त्या त्या प्रश्नातल्या मापनाच्या अचूकतेवरूनच ठरवावी लागते.

माझ्या दृष्टीने निर्णायक प्रश्न एकच: संख्या मापून आली आहे की मोजून? तापमान, अंतर, व्होल्टेज मापून येतात. त्यांच्यात मापनाचीच त्रुटी डबलच्या त्रुटीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि तिथे डबल सोडून दशमान प्रकार वापरण्याने वेग जातो, हाती काही लागत नाही. रुपये-पैसे, युनिट, मते, सेकंदाचे ठोके मोजून येतात. त्यांना डबलमध्ये ठेवण्याचे काहीच कारण नाही. बँकिंगमध्ये रुजलेल्या, १९५९ च्या कोबोलमध्ये दशमान स्थिर स्थळांची संख्या सुरुवातीपासून होती. डेटाबेसमध्ये ‘डेसिमल’ किंवा ‘न्यूमरिक’, जावात ‘बिगडेसिमल’, पायथनमध्ये ‘डेसिमल’ हे प्रकार आहेत. फक्त त्यांना संख्या देताना ती अवतरणचिन्हांत, अक्षरमालेच्या रूपात द्यावी. बिगडेसिमलला थेट ०.१ हा डबल दिला, तर ती वर लिहिलेली ५५ अंकी संख्या तो इमाने-इतबारे जपून ठेवतो. बिघाड आधीच झालेला असतो.

त्याहून साधा मार्ग म्हणजे रक्कम पूर्णांक पैशांत ठेवणे. ६४ बिटांच्या पूर्णांकात सुमारे ९२ हजार लाख कोटी रुपयांपर्यंतचे पैसे मावतात. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या डबलच असते, तरी २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे सगळे पूर्णांक तिच्यात अचूक राहतात. पैशांत मोजले, तर ही मर्यादा सुमारे ९० लाख कोटी रुपयांची होते. त्यापलीकडे ९००७१९९२५४७४०९९३ लिहिले, तर शेवटचा ३ आपोआप २ होतो.

मात्र भागाकार आला, की पूर्णांकही पुरत नाहीत आणि दशमान प्रकारही. शंभर रुपये तिघांत वाटले, तर प्रत्येकी ३३.३३ आणि एक पैसा शिल्लक. तो कोणाला द्यायचा, हे कोणत्याही भाषेचे गणित सांगू शकत नाही. ते करारात लिहावे लागते. कर्जाच्या हप्त्यांत हे रोज घडते. चक्रवाढीच्या सूत्रातून निघालेला मासिक हप्ता पूर्ण रुपयात आणला, की दर महिन्याला थोडी रक्कम इकडची तिकडे होते, आणि मुदत संपताना मुद्दल बरोबर शून्यावर येत नाही. म्हणून परतफेडीच्या तक्त्यात शेवटचा हप्ता आधीच्या सगळ्या हप्त्यांपेक्षा थोडा वेगळा छापलेला असतो.